वॉल्विस बे (नामिबिया): क्रूझ थांबते त्या एका दिवसात काय बघावं?

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी,
जानेवारीत आम्ही केपटाऊनहून क्रूझ घेतोय, केपटाऊन ते नामिबियातलं वॉल्विस बे आणि परत केपटाऊन. मधला बाकी वेळ समुद्रातच, म्हणजे खाली उतरायला मिळणार ते फक्त वॉल्विस बेलाच, म्हणून तो दिवस नीट लागावा अशी फार इच्छा आहे. जहाज सकाळी आठच्या सुमारास लागणार आणि संध्याकाळी साडेपाचला सगळ्यांनी परत जहाजावर पाहिजे.

सोबत सासूसासरे आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढउतार झेपत नाही, पण गाडीत किंवा बोटीत बसून दिवसभर फिरायला त्या आमच्याही पुढे असतात. मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला प्राणी, पक्षी, किडे, सगळ्याचं वेड. नामिबिया म्हटल्यावर त्याच्या डोक्यात फक्त चित्ता आहे.

क्रूझवाल्यांच्या यादीत सँडविच हार्बरची जीप, सीलवाली बोट, शेजारच्या स्वाकोपमुंड गावाची सहल आणि ड्यून सेव्हन नावाची वाळूची टेकडी असे पर्याय दिसतायत, सगळेच चांगले वाटतात आणि सगळेच महागही वाटतात. त्यांच्याकडूनच घ्यावं का बाहेरून? आणि यातलं काय सोडलं तर नंतर हळहळ वाटेल? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, त्याचंही काही सुचवा.

डेकवरचा_माणूस

ताई, मी मालवाहू जहाजांवर काम करतो, वॉल्विस बेला आमचं जाणंयेणं असतं, त्यामुळे बंदराच्या बाजूने सांगतो, फिरण्याचं बाकीचे सांगतीलच.

पहिली गोष्ट म्हणजे हे कामाचं बंदर आहे. कंटेनर, मीठ, मासळी, झांबियाकडून येणारं तांबं असं सगळं इथूनच जातं. २०१९ मध्ये समुद्रात भर घालून नवीन कंटेनर टर्मिनल झालं आणि त्याच कामात क्रूझसाठीही धक्का केला. पण जहाजातून उतरलात आणि चालत गावात गेलात असं होत नाही, आत क्रेन आणि ट्रक फिरत असतात, म्हणून शटलने गेटपर्यंत सोडतात. सकाळी सगळं जहाज एकदमच उतरायला बघतं तेव्हा तिथे रांग लागते. आठला जहाज लागलं तरी गेटबाहेर पडेपर्यंत नऊ वाजले असं धरून चाला, आणि परतीला साडेपाच म्हणजे साडेचारला गेटवर. म्हणजे हातात खरे सात-साडेसात तास आहेत, यात दोन मोठ्या गोष्टी बसतात, तिसरी बसवायला गेलात तर सगळाच दिवस घड्याळाकडे बघण्यात जाईल.

दुसरं धुकं. या किनाऱ्याला बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून वर येतो, त्याच्यावरून येणारी हवा गार होते आणि रात्रीतून धुकं धरतं, सकाळी कधीकधी समोरची क्रेन दिसत नाही. सहसा दहा-अकरापर्यंत उघडतं. दुपारनंतर नैऋत्येचा वारा सुटतो आणि तो बऱ्यापैकी जोरात असतो. म्हणून समुद्रातलं जे काही करायचं ते सकाळी, पाणी शांत असतं तेव्हाच. जानेवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, पण सकाळी बोटीवर स्वेटर लागतो, आजीआजोबांसाठी कानटोपी पण घ्या. वाळवंट म्हणून लोक सुती कपडे घेऊन येतात आणि डेकवर कुडकुडत बसतात.

धुकं किंवा वारा फारच असेल तर जहाजाला आत घ्यायला उशीर होतो, हेही मनात असू द्या. क्रूझवाल्यांकडून घेतलेली सहल असेल तर जहाज तुमच्यासाठी थांबतं, बाहेरून घेतली तर नाही. बाहेरची निम्म्या पैशातही मिळू शकते आणि माणसं कमी असल्यामुळे चांगलीही असते, पण आधी ईमेलवर बोलून घ्या की जहाज आलंच नाही तर पैसे परत का. बहुतेक जण हो म्हणतात, त्यांचा धंदाच जहाजांवर आहे.

वाळूपुत्र

सँडविच हार्बर. दुसरा विचारच करू नका.

बाकी सील, फ्लेमिंगो वगैरे जगात आणखी चार ठिकाणी बघाल, पण शंभर मीटरच्या वर उंचीच्या वाळूच्या टेकड्या थेट अटलांटिकच्या लाटांत उतरतात हे दृश्य कुठे बघणार? गावापासून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटर, रस्ता असा नाहीच, फोर बाय फोरमधून आधी मिठागरांच्या कडेने आणि मग सरळ किनाऱ्यावरून, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला वाळूची भिंत. हा सगळा भाग नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात येतो आणि इथली वाळू म्हणजे नामिब सँड सी, २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. परमिट लागतं, ते टूरवाला काढतो.

आमच्या गाईडने एका जागी गाडी थांबवली, खिशातून एक लोहचुंबक काढला आणि वाळूवरून फिरवला, वर उचलला तर त्याला काळ्या कणांची दाढी आलेली. मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज. आणि दुसऱ्या उतारावर वाळूवर जांभळट लाल पट्टे होते, ते गार्नेटचे बारीक कण, मुठीत घेऊन उन्हात धरले की खरंच चमकतात. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही. मग गाडी एका टेकडीच्या कडेला आणून खाली सोडली आणि वाळू सरकताना खालून एक घुमणारा आवाज आला, विमान लांबून जातंय तसा, छातीत जाणवतो. कोरड्या वाळूचे कण एकमेकांवर घसरताना होतो म्हणे तो.

साडेचार-पाच तास लागतात. उतरायचं नसेल तर आजी गाडीतच बसून सगळं बघू शकतात.

रानजाई

@वाळूपुत्र, सँडविच हार्बर अप्रतिम आहे यात वादच नाही, पण सत्तरीपुढच्या गुडघेदुखीवाल्या बाईंना त्या गाडीत बसवायचं म्हणजे जरा विचार करा. गाडी टेकडीच्या माथ्यावरून जवळजवळ उभ्या उतारावर खाली सोडतात, वर चढताना धक्के बसतात, पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर टूरवालेच नाही म्हणतात. केतकी, सासऱ्यांना आणि तुम्हाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, सासूबाईंसाठी मी तरी धजावणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, भरती-ओहोटी. हे कुणी सांगत नाही आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. किनाऱ्यावरून गाडी जाते ती ओहोटीतच, भरतीला पाणी थेट टेकडीच्या पायाशी येतं आणि वाटच राहात नाही, मग आतून टेकड्यांवरूनच नेतात आणि तिथलं सरोवर वरूनच दाखवतात. वरून दिसणारं दृश्यही सुंदरच, पण तुम्ही ज्या फोटोवर भाळून पैसे भरलेत ते हे नव्हे. त्यामुळे आपल्या तारखेला ओहोटी किती वाजता आहे ते आधी बघा, टाईड टेबल नेटवर मिळतं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस असेल तर भरतीही मोठी असते हे धरून चला. ओहोटी सकाळी दहा-अकराच्या आसपास पडत असेल तर सँडविच हार्बर, नाहीतर दुसरं काहीतरी, इतकं सरळ आहे.

मी तुमच्या जागी असते तर सकाळी बोट आणि दुपारी लगून, म्हणजे गावालगतचं उथळ खारं पाणी. बोटीचं सांगते. वॉटरफ्रंटवरून कॅटामरान म्हणजे जोडतळाच्या बोटी सुटतात, साधारण तीन-साडेतीन तासांची फेरी, उपसागराच्या पश्चिमेला वाळूची लांब जीभ आहे तिच्या टोकाला पेलिकन पॉइंट, तिथपर्यंत नेतात. तिथे एक जुनं दीपगृह आहे, आता त्याच्या शेजारी लॉज केलंय. आणि सगळ्या किनाऱ्यावर केप फर सील, हजारांनी. वास येतो, खूप येतो, हे आधीच सांगते. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांची पिल्लं होतात, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा ती काळी काळी पिल्लं उथळ पाण्यात पोहायला शिकत असतील, एकमेकांना पकडून ओढतात, आयांना हाका मारतात, शेळीच्या करडासारखा आवाज. काही सवयीचे मोठे सील आणि पेलिकन पक्षी बोटीवर चढून येतात, कारण बोटवाले त्यांना मासे देतात. मुलांना फार मजा येते पण मला स्वतःला ते देणं पटत नाही, जंगली प्राण्याला हाताने भरवू नये या मताची मी आहे. तुम्ही मुलाला आधीच सांगून ठेवा की हात लावायचा नाही, सीलचे दात कुत्र्यासारखेच असतात.

डॉल्फिन जवळपास नक्की. बॉटलनोज असतात आणि नशीब असेल तर हेविसाइड डॉल्फिन, हा छोटा, पोट पांढरं, फक्त याच थंड प्रवाहाच्या पट्ट्यात सापडतो. उन्हाळ्यात मोला मोला म्हणजे सनफिशही दिसतो, पाण्यावर आडवा पडलेला चपटा गोल मासा. हंपबॅक देवमासे मात्र जुलै ते नोव्हेंबर, जानेवारीत त्यांची आशा धरू नका, जाहिरातीत फोटो असला तरी.

खाण्याचं म्हणाल तर बोटीवर ताजे ऑयस्टर आणि स्पार्कलिंग वाइन देतात, ऑयस्टरची शेती तिथेच उपसागरात चालते. शाकाहारी आहोत हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, मग चीज सँडविच, फळं, असलं काहीतरी ठेवतात. सासूबाईंना समोर ऑयस्टर खाणारी माणसं चालणार नसतील तर पुढच्या बाजूला जाऊन बसायचं, तिकडून डॉल्फिनही चांगले दिसतात.

पाणथळ

लगूनबद्दल मी लिहितो, कारण वॉल्विस बेला जाऊन लोक तिकडे पाठ करून निघून जातात हे बघून मला खरंच वाईट वाटतं. जहाज जिथे लागतं तिथून गाडीने दहा मिनिटांवर, तिकीट नाही, परमिट नाही, चढ नाही, पाण्याच्या कडेने फरसबंद रस्ता आणि मधूनमधून बाकं. आजीआजोबांसाठी यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

१९९५ पासून ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे. फ्लेमिंगो म्हणजे आपले रोहित, दोन्ही प्रकारचे आहेत, मोठे आणि छोटे. शिवडीला चिखलात दुर्बिणीतून बघितलेले रोहित आणि इथले यात फरक असा की इथे ते रस्त्याच्या कठड्यापासून पंधरा-वीस मीटरवर चरत असतात. मोठा रोहित कसा खातो ते मुलाला नीट बघायला सांगा. एका जागी उभा राहून पाय आपटत आपटत स्वतःभोवती गोल फिरतो, डोकं उलटं करून चोच पाण्यात, चिखलातून वर आलेले बारीक जीव गाळून घेतो. ओहोटीला पाणी उतरलं की चिखलात त्या गोल फिरण्याच्या खुणा राहतात, मधे उंचवटा आणि बाजूने चर, शेकडो कड्या शेजारी शेजारी. छोटा रोहित पाण्याच्या वरच्या थरातली शेवाळं खातो, त्याची चोच गडद लाल, त्यावरून दोघं ओळखायचे. उडताना पंखाखालचा किरमिजी आणि काळा रंग दिसतो तो एकदम उघडतो, त्यासाठी थांबायची तयारी ठेवा.

रोहितांची संख्या कमीजास्त होते हे खरं, आतल्या भागात चांगला पाऊस झाला की ते उत्तरेकडच्या इटोशाच्या खाऱ्या मैदानाच्या बाजूला अंडी घालायला जातात. पण जानेवारीत त्याची भरपाई होते, आर्क्टिकच्या बाजूने आलेले कर्ल्यू सँडपायपर आणि इतर वेडर, म्हणजे चिखलात चालून चरणारे पक्षी, हजारांनी तिथे असतात. आणि पेलिकन बाराही महिने.

लगूनच्या पुढे गेलात तर मिठागरं लागतात. समुद्राचं पाणी आत घेऊन उन्हावर आटवतात, काही वाफ्यांचं पाणी चक्क गुलाबी असतं, खारट पाण्यात वाढणारी शेवाळं आणि सूक्ष्म जीव यांच्यामुळे तो रंग. ड्रायव्हरला सांगितलं की तो तिकडून चक्कर मारून आणतो, अर्धा तास जास्तीचा.

आणि हे जे पेलिकन पॉइंटचे सील आहेत ना, त्यातल्या कित्येकांच्या गळ्यात मासेमारीच्या दोऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या अडकलेल्या असतात, सील वाढतो पण पट्टी वाढत नाही, ती कातडीत रुतते. ओशन कन्झर्वेशन नामिबिया नावाची संस्था तिथेच काम करते, जाळी घेऊन पळत जाऊन सील पकडतात, दोरी कापतात आणि सोडून देतात, एक मिनिटाच्या आत. त्यांचे व्हिडिओ नेटवर आहेत, जायच्या आधी मुलाला दाखवा, मग किनारा बघताना त्याची नजरच वेगळी असेल.

केतकीचं_बन

बाप रे, इतकी माहिती! सगळ्यांचे खूप आभार. टाईड टेबल लगेच बघितलं, आमच्या दिवशी ओहोटी दुपारी दोनच्या पुढे आहे, म्हणजे रानजाईताई म्हणतात त्याप्रमाणे सँडविच हार्बर जमणार नाही बहुतेक. नवऱ्याचं तोंड थोडं उतरलंय पण ठीक आहे.

मग सकाळी बोट नक्की. आता दुपारचं राहिलं. मुलगा विचारतोय चित्ता कुठे दिसेल आणि सासरे म्हणतायत स्वाकोपमुंडला जाऊ, त्यांनी कुठेतरी वाचलंय की तिथे जर्मन इमारती आहेत. लगून का स्वाकोपमुंड?

वाळूपुत्र

दोनला ओहोटी म्हणजे साडेपाचच्या जहाजासाठी नाहीच जमणार, बरोबर आहे. रानजाई म्हणतात तो गुडघ्यांचा मुद्दाही मान्य, मी माझ्या वयाच्या हिशेबाने लिहिलं होतं.

मग नवरोबांसाठी ड्यून सेव्हन करा, गावापासून दहा-बारा किलोमीटर, पायथ्याशी ताडाची झाडं आणि बसायला जागा आहे. उंची साधारण ३८३ मीटर सांगतात. वर जायला वाळूत एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे असं होतं, कडेकडेने धारेवरून चढायचं, सरळ समोरून चढू नका. बूट काढून मोजे घालून चढा, दुपारी वाळू तापते. वाऱ्याच्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवा.

जुनेदप्तर

सासऱ्यांची बाजू मी घेतो. स्वाकोपमुंड वॉल्विस बेपासून पस्तीसेक किलोमीटर, अर्ध्या तासाचा सरळ डांबरी रस्ता, डावीकडे समुद्र आणि उजवीकडे वाळूच्या टेकड्या. वाटेत समुद्रात खांबांवर उभं केलेलं एक प्रचंड लाकडी व्यासपीठ दिसतं, ते १९३० च्या दशकात पक्ष्यांनी बसावं आणि त्यांची विष्ठा खत म्हणून गोळा करता यावी यासाठी बांधलं. गाडीतूनच दिसतं.

पण ही दोन गावं इतकी जवळ असून इतकी वेगळी का, हे समजून घेतलं तर जास्त मजा येईल. वॉल्विस बेला नैसर्गिक बंदर आहे, ते ब्रिटिशांनी १८७८ मध्ये आधीच घेऊन टाकलं होतं. १८८४ पासून जर्मनांनी बाकीचा प्रदेश बळकावला तेव्हा त्यांच्याकडे एवढा मोठा देश आणि चांगलं बंदरच नाही अशी गत झाली. म्हणून १८९२ मध्ये त्यांनी स्वाकोपमुंड वसवलं, उघड्या समुद्रावर, आडोसा काही नाही. दगडी मोल, म्हणजे समुद्रात घातलेला बांध, बांधला तर तो दोन-तीन वर्षांत वाळूने भरून गेला. मग १९०५ मध्ये लाकडी जेटी, मग १९१२ मध्ये लोखंडी जेटी सुरू केली, ती पुरी व्हायच्या आत पहिलं महायुद्ध आलं आणि १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी सगळाच प्रदेश घेतला. बंदर म्हणून स्वाकोपमुंड तिथेच संपलं आणि गाव आहे तसं राहिलं. तीच जेटी आज फिरायला आहे, सपाट आहे, आजी टोकापर्यंत जाऊ शकतील, खाली लाटा फळ्यांखालून आपटताना दिसतात. जवळच दीपगृह, १९०५ चं व्होरमानहाऊस आणि त्याचा मनोरा, १९०१ चं रेल्वे स्टेशन ज्याचं आता हॉटेल झालंय.

आणि वॉल्विस बेची गंमत अशी की २१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला तरी हे बंदर दक्षिण आफ्रिकेने सोडलं नव्हतं, ते नामिबियाला मिळालं १ मार्च १९९४ ला. म्हणजे देश स्वतंत्र आणि त्याचं मुख्य बंदर चार वर्षं परक्यांकडे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. स्वाकोपमुंडच्या सुंदर इमारती बघताना तिथली दफनभूमीही बघा. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी इथल्या हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, २ ऑक्टोबर १९०४ ला जनरल फॉन ट्रोथाने हेरेरोंना संपवण्याचा लेखी हुकूम काढला. जे जिवंत राहिले त्यांना छळछावण्यांत डांबलं, त्यातली एक स्वाकोपमुंडला होती. देशाच्या आतल्या उष्ण भागातून आणलेली माणसं, बायका, मुलं, या गार धुक्यात उघड्यावर ठेवून त्यांच्याकडून बंदराची आणि रेल्वेची कामं करून घेतली, माणसं रोज मरत होती. गावाच्या कडेला जी दफनभूमी आहे तिच्या एका बाजूला नावाचे दगड असलेली नीटनेटकी जर्मन थडगी आहेत आणि पलीकडे वाळूचे नुसते उंचवटे, ओळीच्या ओळी, नाव नाही, तारीख नाही. काही उंचवट्यांभोवती कुणी समुद्रातले गोटे लावून ठेवलेत. २००७ मध्ये तिथे स्मारकशिळा बसवली. जर्मनीने हा वंशसंहार होता असं मान्य केलं ते २०२१ मध्ये, आणि भरपाईचा वाद हेरेरो-नामांच्या दृष्टीने अजून मिटलेला नाही. सहलवाले तिकडे नेत नाहीत, टॅक्सीवाल्याला सांगावं लागतं, दहा मिनिटंच लागतात. अकरा वर्षांच्या मुलाला समजेल असं आहे ते, लपवायची गरज नाही.

केतकीचं_बन

हे मला अजिबात माहीत नव्हतं. नक्की जाऊ. सासरे इतिहासाचे शिक्षक होते, त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले आधी तिथेच जायचं, इमारती नंतर.

रानजाई

मग असं करा, सकाळी नऊ ते साडेबारा बोट, वॉटरफ्रंटवरच काहीतरी खाऊन टॅक्सी किंवा व्हॅन दिवसाच्या भाड्याने घ्या, एकच्या आत स्वाकोपमुंडला निघा, तिथे दोन तास, परतताना लगूनवर अर्धा-पाऊण तास आणि गेटवर साडेचार. ड्यून सेव्हन यात बसत नाही, येताजाता टेकड्या दिसतातच. भाडं आधी ठरवा, आणि पैसे पूर्ण परत आल्यावरच द्या.

चित्त्याचं उत्तर राहिलंच. चित्ते किनाऱ्यावर नाहीत, ते आतल्या भागात, गुराढोरांच्या मोठमोठ्या फार्मच्या प्रदेशात. कुनोला १७ सप्टेंबर २०२२ ला आणलेले आठ चित्ते नामिबियातलेच, विंडहोकहून विमानाने आले. मुलाला सांगा की किनाऱ्याचे स्वतःचे प्राणी आहेत, कोल्हे आणि तपकिरी तरस सीलची पिल्लं पळवतात. तरस दिवसा दिसणं कठीण, कोल्हे मात्र पेलिकन पॉइंटला दिसतात.

आणि किड्यांचं वेड असेल तर स्वाकोपमुंडच्या कडेच्या टेकड्यांत लिव्हिंग डेझर्ट म्हणून सकाळची सहल असते, गाईड वाळूवरच्या खुणा वाचत वाचत पारदर्शक कातडीची पाल, वाळूत फक्त डोळे वर ठेवून बसलेला साप, सरडे शोधून देतो. तिथला एक काळा भुंगेरा धुक्याच्या सकाळी टेकडीच्या धारेवर चढून डोक्यावर उभा राहतो, धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळून तोंडात येतात, ते त्याचं पाणी. पण ती सहल आणि बोट दोन्ही सकाळचीच, म्हणजे दोघांनी इकडे आणि तिघांनी तिकडे असं वाटून घेतलं तरच. नवऱ्याचं उतरलेलं तोंड आणि मुलगा या सहलीला पाठवा असं मला सुचतंय, कारण त्यातही टेकड्यांवरून गाडी जाते.

केतकीचं_बन

ही आयडिया भारी आहे पण मुलाला सीलची पिल्लं पण हवीत आता. आज रात्री घरात मतदान घेते.

शेवटचं विचारते, पैसे आणि व्हिसा? दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अजून काढायचाय.

डेकवरचा_माणूस

पैसे सोपे आहेत. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक बांधलेला आहे, वॉल्विस बेला रँड सगळीकडे घेतात. केपटाऊनलाच रँड काढून ठेवा, आणि सुटे परत घेताना रँडच द्या म्हणून सांगा, कारण नामिबियन डॉलर केपटाऊनला दुकानात चालत नाहीत. दुकानं, हॉटेलं यात कार्ड चालतं, टॅक्सी आणि गेटबाहेरच्या विक्रेत्यांना रोख. तिथे हिंबा जमातीच्या बायका बांगड्या, लाकडी वस्तू घेऊन बसलेल्या असतात, फोटो काढायचा तर आधी विचारा, काहीतरी विकत घ्या किंवा पैसे द्या, न विचारता मोबाईल पुढे करणं त्यांना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे.

व्हिसात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री हवा. जहाज केपटाऊनहून निघालं की तुम्ही त्या देशाबाहेर पडलात, परत केपटाऊनला येणं म्हणजे दुसरी एंट्री. सिंगल एंट्री असेल तर चेक-इनलाच अडवतील. अर्जात क्रूझचं बुकिंग जोडा आणि दोन एंट्री का हव्यात ते कव्हरिंग लेटरमध्ये स्पष्ट लिहा. नामिबियाच्या व्हिसाचं क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागून घ्या, भारतीय पासपोर्ट असं स्पष्ट लिहून, फोनवरच्या उत्तरावर जाऊ नका.

यलो फीव्हरचं इंजेक्शन मुंबईहून थेट किंवा आखातातून जात असाल तर लागत नाही. पण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट घेतलंत आणि तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर सर्टिफिकेट मागतात.

घड्याळ बदलायचं नाही, केपटाऊन आणि वॉल्विस बेची वेळ एकच, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

पाणथळ

व्हॅनवाल्याला बुक करतानाच सांगा की परतताना लगूनच्या एस्प्लनेडवर, म्हणजे त्या पाण्याकडेच्या रस्त्यावर, थांबायचंय, नाहीतर ते सरळ गेटवर आणून सोडतात. तुमच्या दिवशी ओहोटी दोननंतर आहे ना, म्हणजे तुम्ही साडेतीन-चारला पोहोचाल तेव्हा चिखल उघडाच असेल, पक्षी चरायला पसरलेले असतील, चांगलीच वेळ आहे. आणि ऊन पाठीमागे येईल अशा बाजूला थांबा, फोटोसाठी.